दोन बोटांचं तोंड

मागच्या वर्षी पोळ्याच्या आठ दिवस आधीची गोष्ट. रात्री जेवायला बसलो होतो. मामाजींनी वरणभात कालवला, घास उचलला, तोंडापर्यंत नेला आणि त्यातला थोडा भात परत ताटात सोडला. पुन्हा घास घेतला, पुन्हा थोडा सोडला. तिखट तर त्यांनी वर्षभरापासूनच बंद केलं होतं. आत्याबाई म्हणायच्या, वय झालं आता. मी सोळा वर्षांपासून उपकेंद्रात नर्स आहे, आणि वर्षभर मीही तेच मानून बसले होते.

जेवण झाल्यावर मी म्हटलं, "मामाजी, तुमची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घाला बरं."

दोन गेली. तिसरं गेलं नाही.

"मले मालूम हाय, सूनबाई," ते म्हणाले. "तुमच्या दवाखान्यातल्या चित्रात हेच तं लिवलं हाय."

उपकेंद्राच्या ओट्यावर तोंडाच्या कर्करोगाचं ते मोठं चित्र मीच लावलं होतं. मामाजींनी त्यातली ओळ न् ओळ वाचलेली होती. तोंड कमी उघडणं, तिखट न सोसणं, गालाच्या आतली कातडी पांढरी आणि ताठ होणं, सगळं त्यांना तोंडपाठ. वाचलं होतं, समजलं होतं, पटलंही होतं. खिशात मात्र खर्ऱ्याच्या दोन पन्न्या होत्या.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. भाजलेल्या सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना एकत्र घोटला की खर्रा तयार होतो. पानठेल्यावर तो समोरच घोटून देतात आणि छोट्या पन्नीत बांधून देतात. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या आमच्या झाडीपट्टीत तो चहासारखा चालतो. पाहुणा आला की खर्रा, बैठकीत खर्रा, रोवणीला म्हणजे भातलावणीला खर्रा. नुसत्या सुपारीनेही कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली जाहीर केलं. तोंड आवळत जाण्याचं मुख्य कारणही सुपारीच. एकदा ताठ झालेली कातडी पूर्वीसारखी होत नाही, खर्रा थांबला तर पुढचं नुकसान वाचतं.

एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. तंबाखूच्या छापील पाकिटावर रोगाचं चित्र असतं, तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी मोफत फोन क्रमांक, १८००-११-२३५६, असतो. खर्ऱ्याच्या पन्नीवर काहीच नसतं. सरकारने एवढी खटपट करून छापलेली सूचना पानठेल्यावर पुडा फाडताना तिथेच गळून पडते. खाणाऱ्याच्या हातात ती कधी येतच नाही.

त्या रात्री मी एक जुनी वही शोधून काढली. काही वर्षांपूर्वी आमच्या प्रशिक्षणात "आरोग्यविषयक वर्तनबदलाचे सिद्धांत" नावाचा पाठ होता. फळ्यावरचं उतरवून घेतलं होतं आणि वही मिटली होती. आता घरातलंच माणूस समोर होतं, म्हणून ती पुन्हा उघडली. नंतर कितीतरी रात्री फोनवर शोधून शोधून त्याच विषयाचं वाचत बसले.

पहिलंच वाचलं ते क्षयरोगाबद्दल. १९५० च्या दशकात अमेरिकेत छातीचा एक्स-रे फुकट काढून देत होते, त्यासाठी गाड्या वस्तीपर्यंत नेत होते, तरी बरेच लोक यायचे नाहीत. तिथल्या सार्वजनिक आरोग्य सेवेतल्या हॉकबाम, रोझेनस्टॉक आणि त्यांच्या सोबत्यांनी याचं कारण शोधलं. त्यातून जो विचार उभा राहिला त्याला आरोग्य-श्रद्धा प्रारूप म्हणतात. मला हा आजार होऊ शकतो असं वाटतं का? झाला तर किती वाईट? उपाय केल्याने फायदा किती? आणि त्या उपायाच्या आड काय काय येतं? या सगळ्याचा हिशेब माणूस मनात मांडतो आणि मग पाऊल उचलतो, किंवा उचलत नाही.

हे वाचून मला माझ्या थुंकीच्या डब्या आठवल्या. खोकल्याच्या पेशंटला डबी द्यायची आणि दोन दिवसांनी ती रिकामीच परत यायची. मी रागवायची, "तुम्हाला समजत कसं नाही?" त्यांना समजत होतं. पोरीचं लग्न ठरायचं होतं, एक दिवसाची रोजी बुडणार होती, आणि डबी घेऊन जाताना अख्खा मोहल्ला बघणार होता. माझ्या तराजूत एकच पारडं होतं. दुसऱ्या पारड्यात काय आहे, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

मामाजींनाही विचारलं नव्हतं. दिवसभर चिखलात वाकून राहिल्यावर भूक मारायला खर्रा. सकाळी पोट साफ व्हायला खर्रा. संध्याकाळी पानठेल्यावर चार सोबती भेटतात, तेही खर्ऱ्यामुळेच. हे सगळं सुटणार, तेव्हा त्या जागी काय येणार?

दुसरा विचार मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांचा, १९७७ चा. मला तो सगळ्यात जवळचा वाटला. ते म्हणतात, काय केलं पाहिजे हे माहीत असून भागत नाही, "मला हे जमेल" असं आतून वाटावं लागतं. सापाला भयंकर घाबरणाऱ्या लोकांसोबत त्यांनी काम केलं. दुसऱ्याने साप हाताळताना पाहून भीती थोडी कमी झाली. पण सोबतीला कोणीतरी असताना ज्यांनी स्वतः एकेक पाऊल पुढे टाकत सापाला हात लावला, त्यांची भीती सगळ्यात जास्त गेली. स्वतः करून पाहणं, आपल्यासारख्याच कोणाला करताना पाहणं, कोणी धीर देणं, आणि शरीराला त्या वेळी काय वाटतं ते, या चार वाटांनी "जमेल" येतं. त्यातली नुसत्या बोलण्याची वाट कच्ची. मी सोळा वर्षं त्याच वाटेने चालले होते.

मामाजींनी सहा वर्षांपूर्वी एकदा खर्रा सोडला होता, हे मला तेव्हाच कळलं. तीन दिवस. डोकं दुखलं, चिडचिड झाली, पोट बिघडलं, घरात भांडण झालं आणि चौथ्या दिवशी पन्नी आली. त्या तीन दिवसांत ते एकच शिकले, "आपल्याच्यानं होत नाही." आम्ही घरच्यांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. तंबाखू सुटताना पहिले काही दिवस शरीर असंच वागतं आणि मग शांत होतं, एवढं मला तेव्हाही माहीत होतं. मी सांगितलं नाही, कारण ते सोडून पाहत आहेत हेच मला माहीत नव्हतं.

मग मी सांगणं थांबवलं आणि विचारायला लागले. यालाही एक शास्त्र आहे. विल्यम मिलर यांनी १९८३ साली दारूच्या पेशंटांशी बोलण्याच्या या पद्धतीबद्दल लिहिलं. वाद घालायचा नाही, प्रश्न विचारायचे, आणि बदलाचं कारण त्या माणसाच्याच तोंडून येऊ द्यायचं. ते वाचताना मला आमच्याच विदर्भातल्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेले गाडगेबाबा आठवले. बाबा आधी हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्रीच्या कीर्तनात समोरच्यांना प्रश्न विचारायचे, उत्तर लोकांकडूनच घ्यायचे. मामाजींच्या वडिलांनी ते कीर्तन ऐकलेलं होतं. दारू सोडा असं सांगणारे पुष्कळ होते, पण बाबांच्या प्रश्नाला हजार माणसांत आपणच मोठ्याने उत्तर दिलं, ते आपल्याला बांधून गेलं, असं ते सांगायचे.

मी मामाजींना विचारलं, "खर्रा सुटला, तर तुम्हाला काय पाहिजे?"

मला वाटलं, म्हणतील आजार नको, नातवंडं पाहायची आहेत. बराच वेळ ते बोललेच नाहीत. मग म्हणाले, "मंडईत नांदी म्हनाले पायजे मले."

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते आणि रात्रभर नाटक चालतं. मामाजी तीस वर्षं गावच्या नाटकात नांदी गायचे. दोन वर्षांपासून गात नव्हते. मान दुखते, असं सांगायचे. तोंड उघडत नाही म्हणून सूर सुटत नाही, हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. कर्करोगाच्या चित्राने आठ वर्षांत जे हललं नाही, ते इथे हललं.

पण इच्छा झाली म्हणून काम होत नाही. लेवेंथाल यांचा १९६५ चा येल विद्यापीठातला प्रयोग मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. विद्यार्थ्यांना धनुर्वाताची माहिती दिली, काहींना घाबरवणारी, काहींना साधी. घाबरलेल्यांना लस महत्त्वाची वाटली, पण नुसत्या भीतीने टोचून घ्यायला जवळजवळ कोणी गेलं नाही, शंभरात तीनेक. ज्यांना दवाखान्याची खूण केलेला नकाशा दिला आणि कोणत्या वेळी जाल ते ठरवायला लावलं, त्यांतले पाव भागाहून जास्त गेले. दवाखाना कुठे आहे हे त्यांना आधीही माहीत होतंच. पुढे गॉलविट्झर यांनी १९९९ मध्ये हेच नेमकं मांडलं, "अमुक झालं की मी तमुक करीन" असं आधीच ठरवून ठेवायचं.

आम्ही कॅलेंडरच्या मागे लिहिलं. अक्षर मामाजींचं, कारण लिहायचं ज्याचं त्याने. सकाळचा चहा झाला की कोमट पाणी आणि तलावाच्या पाळीवरून एक फेरी. बांधीतून (भातखाचरातून) धुऱ्यावर (बांधावर) आलो की भाजलेली जवस आणि बडीशेप. संध्याकाळी पानठेल्याच्या रस्त्याने न येता बोडीच्या (लहान तळ्याच्या) बाजूने यायचं. आणि "दवाखान्यात जाऊ कधीतरी" ऐवजी, मंगळवारी सकाळच्या एसटीने, सोबत मी. दातांच्या डॉक्टरांनी तपासलं, गाठ किंवा संशयाचा डाग नव्हता. तोंड उघडण्याचा व्यायाम त्यांनी दिला. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या. त्या दिवशी चौदा बसल्या.

पोळ्याला खर्रा बंद केला. तेवीस दिवस टिकला. चोविसाव्या दिवशी नात्यातली तेरवी होती. मांडवात माणसं बसली, पन्नी फिरली. मामाजी घरी आले ते कोणाशी न बोलता झोपले.

पूर्वी मी असं नाव रजिस्टरमध्ये खोडलं असतं. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटी यांनी १९८३ मध्ये स्वतःहून सिगारेट सोडणाऱ्यांचा अभ्यास केला. विचारही नाही, विचार चालू आहे, तयारी, कृती, टिकवणं, असे टप्पे त्यांनी सांगितले. घसरणं हा त्या वाटेचाच भाग आहे, माणूस त्यातून पुन्हा फिरून येतो, हेही सांगितलं. या टप्प्यांवर टीका झाली आहे आणि ती मला पटते. धूम्रपान सोडण्याचा अभ्यास करणारे रॉबर्ट वेस्ट म्हणतात की या रेषा ओढूनताणून आखलेल्या आहेत, पुष्कळ लोक काहीही तयारी न करता एका दिवसात सोडतात. आमच्या गावातल्या एका सुनेने दिवस राहिल्याचं कळलं त्या संध्याकाळी खर्रा टाकला तो टाकलाच. तिला मी कोणत्या टप्प्यात बसवू? तरी घसरण्याबद्दलचं म्हणणं मी घट्ट धरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी मामाजींना म्हटलं, "तेवीस दिवस जमलं ना? आता तेरवीचं काय करायचं ते लिहू." कॅलेंडरमागे आणखी एक ओळ आली. मांडवात पन्नी आली की उठून पाणी वाढायला जायचं. दसऱ्याला पुन्हा सुरुवात झाली.

आता जे लिहिते आहे ते लिहायला मला जड जातं. सुझन मिकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये आधीच्या एकोणीस आराखड्यांचा अभ्यास करून एक मांडणी केली. वागणूक बदलायला क्षमता लागते, प्रेरणा लागते आणि संधी लागते. संधी म्हणजे भोवतालचं सगळं, काय हाताशी आहे, काय स्वस्त आहे, चारचौघांत काय चालतं. हे वाचताना मला आमचं स्वतःचं शेत दिसलं. रोवणीच्या बाया ठरवताना रोजीसोबत खर्राही ठरतो. दर आषाढात आमच्या घरून बांधीवर पन्न्या जायच्या. उपकेंद्रात मी बायांना खर्रा सोडा म्हणायची आणि दुपारी त्याच बायांना माझ्या घरचा खर्रा मिळायचा. यात कोणाची प्रेरणा टिकणार होती?

या वर्षी आम्ही पन्न्या दिल्या नाहीत. दहा वाजता फुटाणे-गूळ, चार वाजता चहा, आणि खर्ऱ्याचे पैसे रोजीत धरले. दोघी नाराज होऊन दुसऱ्याच्या बांधीत गेल्या. बाकीच्यांतल्या काहींनी आपापल्या पन्न्या आणल्या, काहींनी आणल्या नाहीत. आमची रोवणी तीन दिवस लांबली. शेजारच्या गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथ हे दारू-तंबाखूमुक्तीचं अभियान हे काम गावोगावी करत आहे. तिथे गाव एकत्र बसून खर्रा विक्री बंद करायचं ठरवतं. आमच्या ग्रामसभेत मी हा विषय एकदा मांडला. पानठेलेवाल्याने विचारलं, मग माझं घर कसं चालेल? त्याचा प्रश्न खरा आहे. बचत गटाच्या बायांसोबत त्याला बसवायचं ठरलं आहे, पोळा झाल्यावर, गुरुवारी संध्याकाळी, समाजमंदिरात.

उपकेंद्राच्या ओट्यावरचं चित्र मी काढलं नाही. त्याच्या शेजारी एक कागद लावला. कोणत्या वारी दातांचे डॉक्टर असतात, एसटी किती वाजता, आणि सोबत कोणी नसेल तर माझ्यासोबत चला. मागच्या महिन्यात तीन जण आले.

मामाजी संध्याकाळी तलावाच्या पाळीवर बसून सूर लावतात. वरचा सूर अजून सुटत नाही. काल नातीने काड्या मोजल्या. सोळा.