बाळ झाल्यावर नवरा-बायकोचं काय, हे कोणी विचारतच नाही

डिलिव्हरीनंतर मला सगळ्यांनी सगळं विचारलं. दूध पुरतंय का, अळिवाचे लाडू खातेस का नुसते डब्यात ठेवतेस, मालिशवाल्या मावशींनी तर टाके कसे आहेत तेही चारचौघात विचारलं. नवऱ्याचं न् माझं कसं चाललंय हे मात्र कोणी विचारलं नाही. आता दोन मैत्रिणींचे दिवस भरत आलेत न् दोघी व्हॉट्सॲपवर हळूच तेच विचारतायत, म्हणून म्हटलं लिहूनच टाकू.

६ आठवड्यांच्या चेकअपला डॉक्टर म्हणाल्या, आता संबंध ठेवायला हरकत नाही. शेजारी सासूबाई बसलेल्या, मी काय बोलणार. त्या औषधं आणायला खाली गेल्या तेव्हा पटापट सगळं विचारून घेतलं. वार जिथे चिकटलेली असते तिथे आत जखमच असते, ती भरेपर्यंत इन्फेक्शनची भीती, म्हणून थांबायचं, आणि सिझेरियनवालीलाही हेच लागू, खालचं सगळं जसंच्या तसं आहे म्हणून लगेच चालतं असं नाही. पण हरकत नाही म्हणजे आज रात्रीच असंही नाही ना! "आमचे हे किती समजूतदार, थांबले बाई" असं कोणी कौतुकानं सांगितलं की माझं डोकंच फिरतं, थांबायचंच असतं, त्यात उपकार कसले.

मन झालं तरी अंग साथ देत नाही, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. अंगावर पाजत असताना प्रोलॅक्टिन हे दुधाचं हार्मोन वाढलेलं असतं न् इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी, त्यामुळे खाली कोरडं पडतं, पाळी जाताना बायकांना होतं ना तसंच. नवऱ्याला वाटलं त्याचाच कंटाळा आलाय मला, दोन दिवस तोंड पाडून हिंडत होता, शेवटी त्याला हार्मोनचं सगळं समजावलं तेव्हा गाडी रुळावर आली. पाण्याचा बेस असलेलं जेल मेडिकलवर मिळतं, ते घ्या. घरातलं खोबरेल तेल कंडोमबरोबर अजिबात नको, तेलानं लेटेक्स कमकुवत होऊन फाटतं. आणि हो, ऐन वेळी दुधाची धार लागू शकते, ऑक्सिटोसिन नावाच्या हार्मोनमुळे. आम्ही दोघं इतके हसलो की बाळ उठलं. एवढं करूनही दर वेळी दुखतच असेल तर सहन करत बसू नका, टाक्यांची जागा दाखवा. सारखं रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल तर तेही सांगा, ते बाळंतपणानंतरचं डिप्रेशन असू शकतं.

बाकी घर म्हणजे इंदूरच्या सुदामा नगरमधला दोन खोल्यांचा मामला, पलीकडे सासू-सासरे, पलंगावर मधोमध बाळ. दिवसभर कोणीतरी अंगाला चिकटलेलं, रात्री आणखी एक हात आला की नकोसंच वाटायचं, तो हात कितीही आवडता असो. मग एकदा आईंनीच बाळाला घेतलं न् म्हणाल्या, जा सराफ्यात फिरून या. रात्री अकराला तिथल्या खाऊगल्लीच्या गर्दीत धक्के खात एका दोन्यातला गराडू, म्हणजे तळलेला कंद, खाल्ला, त्यानं माझा हात धरून ठेवला होता, बस. पुढे काही झालं नाही त्या रात्री, दोघं ढाराढूर झोपलो, पण लग्नाआधीचं काहीतरी परत आल्यासारखं वाटलं.

आता सगळ्यात कामाचं. पाळी आली नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत, हे खोटं, बीज आधी सुटतं न् पाळी नंतर येते. बाळ ६ महिन्यांच्या आतलं, दिवसरात्र फक्त अंगावरचं दूध आणि पाळी आलेली नाही, या तिन्ही गोष्टी असतील तरच त्यावर भरवसा. कॉपर-टी डिलिव्हरीनंतर ४८ तासांतही बसवता येते. मी छाया नावाची गर्भनिरोधक गोळी घेते, लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेनं शोधलेली, बिनहार्मोनची, पाजणाऱ्या बाईला चालते, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पहिले ३ महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा.

सासूबाईंनी एकदा विचारलंच, रविवार-बुधवार कसली गं गोळी घेतेस? मी म्हटलं, कॅल्शियमची. तर म्हणतात कशा, "हो का? आमच्या वेळी कॅल्शियमसाठी कॉपर-टी बसवायचे."