आमची वाटचाल: रेडिओ-टेप दुरुस्तीपासून जुन्या ऑडिओच्या विक्रीपर्यंत

नाशिकमध्ये आमचं काम सुरू झालं ते दुरुस्तीचं. मर्फी, बुश, फिलिप्सचे व्हॉल्व्हचे (तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचे) रेडिओ, मग टू-इन-वन, डेक, अ‍ॅम्प्लिफायर. दुरुस्ती कमी होत गेली तशी वेगळी विचारणा वाढली: वाडा पाडायचा आहे, आजोबांचा संच माळ्यावर आहे, त्याचं काय करू? असे संच विकून द्यायचं काम आम्ही घेऊ लागलो. जुन्या नाशकातले वाडे, देवळाली कॅम्पातले बंगले आणि आखातातून परतलेल्यांची घरं, बहुतेक माल इथूनच येतो. विकणाऱ्याला त्यातलं काही कळत नाही, आणि कळायलाच हवं असंही नाही. वस्तू आहे तशी ठेवायची आणि तिच्यावर छापलेलं सगळं नीट उतरवून घ्यायचं, एवढं केलं तरी चांगला भाव येतो. हा व्यवसाय आम्ही याच भरवशावर उभा केला.

पहिली सूचना फोनवरच देतो: प्लग लावून बघू नका. वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या संचातले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर (वीज साठवणारे भाग) आतून कमजोर झालेले असतात. एकदम २३० व्होल्ट मिळाले की ते शॉर्ट होतात, आणि त्यांच्यामागे रेक्टिफायर (एसी विजेची डीसी करणारा भाग) किंवा ट्रान्सफॉर्मरचं वायंडिंग, म्हणजे तारेचे वेढे, जळतं. कंडेन्सर थोडक्यात बदलता येतो. मूळ ट्रान्सफॉर्मर जळाला की वेढे नव्याने भरून मिळतात, पण किंमत पहिली राहत नाही. मागचं झाकणही घरी उघडू नये, कारण व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० ते ४५० व्होल्ट साठून राहिलेले असू शकतात.

आमच्या टेबलावर आधी वायरचं इन्सुलेशन तपासतो, मग प्लग आणि संच यांच्या मध्ये, सिरीजमध्ये, ६० किंवा १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावतो. बल्ब क्षणभर भडकून मंद झाला तर पुढे जायचं. तसाच पेटलेला राहिला तर आत शॉर्ट आहे. त्यानंतर डिमरस्टॅटवर (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या यंत्रावर) व्होल्टेज हळूहळू वाढवतो. रेक्टिफायर व्हॉल्व्हचा असेल तर मात्र ही युक्ती तशीच चालत नाही. व्हॉल्व्ह तापेपर्यंत तो प्रवाह सोडतच नाही, मग एकदम सोडतो. तिथे त्या व्हॉल्व्हच्या जागी तात्पुरते डायोड लावावे लागतात. बदललेला प्रत्येक मूळ भाग पिशवीत घालून संचासोबत देतो, जाणकार गिऱ्हाईक तो मागतंच.

दुसरी सूचना, पुसू नका. व्हॉल्व्हच्या काचेवरचा छापील नंबर ओल्या फडक्याने, कधी नुसत्या बोटानेही जातो, आणि नंबर गेला की ओळख गेली. रेडिओच्या डायलवरची स्टेशनांची नावं काचेच्या मागच्या बाजूला रंगवलेली असतात. तीही पाण्याने सुटतात. मऊ कोरडा ब्रश पुरे. लाकडाला तेल किंवा पॉलिश अजिबात नको.

ओळख पटवताना कंपनीच्या नावावर थांबू नये. गॅरार्ड हे नाव वाचून लोक हरखून जातात, पण या इंग्लिश कंपनीचे चेंजर (रेकॉर्ड आपोआप बदलणारे प्लेअर) आपल्याकडच्या रेडिओग्राममध्ये, म्हणजे रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकत्र असलेल्या कपाटात, सर्रास बसवलेले असत आणि त्यांना माफकच पैसे येतात. १९५० च्या दशकातलं गॅरार्ड ३०१ आणि १९६५ चं ४०१ या टर्नटेबलांचा (रेकॉर्ड फिरवणाऱ्या यंत्रांचा) बाजार निराळा. ३०१ मध्येही थाळी ज्यावर फिरते ते बेअरिंग ग्रीसचं की तेलाचं, राखाडी रंग की क्रीम, यावर भाव हलतो. म्हणून मॉडेल, सिरीयल नंबर, मागच्या पट्टीवरचं व्होल्टेज आणि हर्ट्झ, सगळं लिहून घ्यायचं. जपानमधल्या वापरासाठी बनलेल्या संचावर १०० व्होल्ट लिहिलेलं असतं, तो स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावला तर जळतो. ६० हर्ट्झच्या विजेसाठीची पुली (मोटरवरची चकती) असलेलं टर्नटेबल आपल्या ५० हर्ट्झवर सुमारे सहाव्या हिश्शाने सावकाश फिरतं. हे बिघाड नव्हेत, पण गिऱ्हाइकाला आधी सांगायला हवेत.

क्वाड २ सारख्या अ‍ॅम्प्लिफायरचे दोन वेगळे डबे असतात, डाव्या-उजव्या आवाजाला एकेक, प्रत्येकात दोन केटी६६ व्हॉल्व्ह. कपाटाच्या दोन कप्प्यांत पडलेले असले तरी एकत्रच विकावेत. मूळ केटी६६ ला सुटी मागणीही भरपूर आहे, त्यामुळे संच कोणाकडेही तपासायला देण्याआधी प्रत्येक व्हॉल्व्हचा नंबरासकट फोटो काढून ठेवावा, आमच्याकडे देतानासुद्धा. स्पीकरची जाळी काढून कडेचा फोम टॉर्चने बघावा, बोट लावू नये. फोमचा चुरा झाला असेल तर नवी कड बसते; मूळ कोन (आवाज काढणारा पडदा) मात्र जपायचा. फुलासारख्या पितळी भोंग्याच्या चकचकीत ग्रामोफोनबद्दल सावध राहा. यातले बरेचसे जुन्या पोर्टेबल ग्रामोफोनचं यंत्र नव्या खोक्यात बसवून तयार केलेले असतात. नवे स्क्रू आणि डळमळणारी थाळी यावरून ते ओळखू येतात.

भाव ठरवताना जाहिरातीतले आकडे आम्ही धरत नाही. मागितलेली किंमत कोणीही लिहितो. खरोखर विकल्या गेलेल्या त्याच मॉडेलच्या किमती बघतो आणि आपल्या वस्तूतली कसर त्यातून वजा करतो. ओरखडा असेल तर शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो. वस्तू वारशाने आलेली असेल तर सगळ्या वारसांच्या सह्या आधी घेतो. एका गिऱ्हाइकाकडून २ लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही, मोठी रक्कम बँकेतूनच. आणि पैसे मिळवण्यासाठी क्यूआर स्कॅन करायचा नसतो, यूपीआय पिनही टाकायचा नसतो. तसं कोणी सांगितलं की व्यवहार तिथेच थांबवावा.

सगळ्यात जास्त नुकसान पॅकिंगमध्ये होतं, कसारा घाटाचे हादरे त्यात आलेच. टर्नटेबलची थाळी काढून वेगळी गुंडाळायची. थॉरेन्स टीडी १२४ ची ओतीव लोखंडी थाळी जागेवर राहिली तर बेअरिंग ठोकरतं. टोनआर्मचं (सुईच्या दांड्याचं) मागचं वजन आणि हेडशेल (सुई बसते ते टोक) काढायचं, सुईला टोपी, टोनआर्म दोऱ्याने बांधायचा, थाळी फिरवणारं रबरी चाक मोकळं राहील अशा स्थितीत खटका ठेवायचा. व्हॉल्व्ह काढताना जागेचा क्रमांक चिकटवून प्रत्येकाला स्वतंत्र बबल रॅप. एका पुठ्ठ्याच्या खोक्यात दुसरा खोका, मध्ये सगळीकडून निदान ५ सेंटिमीटर घट्ट फोम. नुसता थर्माकोल तुटून जागा करतो. ट्रान्सफॉर्मर असलेल्या जड अ‍ॅम्प्लिफायरला प्लायवुडची पेटीच लागते, तीही स्क्रूने बंद केलेली, खिळ्यांनी नव्हे. पेटी बंद होण्याआधी आतल्या प्रत्येक थराचा फोटो काढून तो विमा-पावतीसोबत मालकाकडे पाठवतो.