मऊ लागलेला तुकडा

मंगळवारी रात्री सव्वानऊला फोन आला. पलीकडे सावंतवाडीचे जिप्सीवाले. नमस्कार-चमत्कार काही नाही. "काय ओ, ह्यां कसलां कोटिंग? पापुद्रे सुटतत." मागोमाग फोटो. सगळं हेडर, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या धुराच्या नळ्यांचा जुडगा, चिखलानं माखलेलं, आणि एका ठिकाणी आमचा काळा थर भाजलेल्या पापडासारखा फुगून फुटलेला. फुटलेल्या जागी आत पांढरं काहीतरी दिसत होतं. नऊच दिवस झाले होते काम देऊन, आणि रविवारी त्यांच्या क्लबची चिखलातली शर्यत होती.

आमचं काम आधी सांगतो, कारण आठवड्यातून दोन-तीन फोन तरी येतातच, "सिरॅमिक कोटिंगचं काय घेता? गाडी नवीन आहे, पांढरी आहे." ते वेगळं. ते बॉडीच्या रंगावर चोळतात, चकाकी येते. आम्ही इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांवर कोटिंग करतो. उष्णता सोसणाऱ्या बाइंडरमध्ये सिरॅमिकचे बारीक कण असतात, ते गननं मारायचे. जाडी साधारण 25 मायक्रॉन, मग ओव्हनमध्ये 250 अंशांवर तासभर. चकाकी वगैरे काही नाही, तव्यासारखा मंद काळा रंग.

चिखलात गाडी घालणाऱ्यांना याची गरज का? जिप्सी लो गिअरमध्ये, इंजिन ओरडतंय, गाडी मात्र माणसाच्या चालीनं पुढं सरकतेय. बॉनेटखाली वारा नाही. हेडर तापून रात्री मंद लाल दिसतं. शेजारच्या वायरी, रबरी पाइप, स्टार्टर सगळे भाजून निघतात. अशात गाडी ओढ्यात उतरते आणि लाल लोखंडावर गार पाणी येतं. लोहाराकडं होतं तेच, फक्त इथं कुणी ठरवून करत नाही. पाइप वेल्डिंगजवळ तडकतो, गंज तर लगेच धरतो. काही जण पाइपला कापडी पट्टी गुंडाळतात. रस्त्यावरच्या गाडीला ठीक, पण चिखलाच्या गाडीला ती पट्टी म्हणजे ओलं फडकं बांधून ठेवल्यासारखं. आतून पाइप कधी कुजला ते कळतही नाही. गोव्यात 2014 पासून पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही गाड्यांची चिखलातली शर्यत भरायला लागली, तेव्हापासून कोकणात आणि आमच्या कोल्हापुरात हे वेड वाढलं, आणि माझ्या शेडमध्ये मातीचा वास यायला लागला. कोटिंग केलं म्हणून पाइपला हात लावता येतो असं मात्र नाही. उष्णता बरीचशी आत राहून धुराबरोबर मागं जाते, एवढंच.

बुधवारी सकाळी आंबोली घाट चढून ते हेडर घेऊन आले. रागावलेले होतेच, त्यात घाटात धुकं लागलेलं. चहा सांगितला, तोही नको म्हणाले.

रात्रभर मी मनात हिशेब केला होता. तेल राहिलं असणार. जुन्या पाइपात तेल मुरलेलं असतं, ते तापलं की बाहेर येतं आणि थर उचलतं. म्हणून तर आम्ही आधी पाइप नुसताच भाजून काढतो, मग ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या जोरानं ग्रिटचे कडक कण मारून घासणं, मग ॲसिटोननं पुसणं, आणि त्यानंतर उघडा हात लावायचा नाही. कुणीतरी उघड्या हातानं धरलं असेल, असंही वाटून गेलं.

हेडर धुऊन टेबलावर ठेवलं आणि माझे दोन्ही अंदाज पडले. चारही नळ्या ठणठणीत. नखानं खरवडलं तरी थर हलेना. त्या चारही जिथं एकत्र येतात त्या कलेक्टरच्या पुढचा दीड फुटाचा तुकडा तेवढा सोललेला, आणि तोही असा की वेल्डिंगच्या रेषेपर्यंत फोड, रेषेच्या पलीकडं काही नाही. पट्टी लावून आखल्यासारखं. तेल असं रेषा बघून थांबत नाही.

"हा तुकडा नवा घातलाय का?" मी विचारलं.

"प्रॅक्टिसला दगडावर आपटलं. गावातल्या वेल्डरनं जोडून दिलं. तुमच्याकडं आणायच्या आधीच."

आमच्याकडं एक मामा आहेत. माझे सख्खे नव्हेत, सगळ्या शेडचेच मामा. ओव्हन सांभाळतात. त्याआधी उद्यमनगरात पितळेच्या ओतकामावर त्यांची बरीच वर्षं गेली. ते इतका वेळ लांब उभे होते. पुढं आले, फोडातली पांढरी भुकटी बोटावर घेतली, चोळली आणि म्हणाले, "टॉर्च आणा. आणि भाईर चला. आत नको."

शेडबाहेर वाऱ्याकडं पाठ करून उभं राहायला लावलं आम्हाला. गॅसची छोटी टॉर्च त्या पांढऱ्या डागावर धरली. बघता बघता डाग पिवळा झाला, पिकल्या लिंबासारखा. मामांनी टॉर्च बाजूला केली. पाइप निवत गेला तसा पिवळा रंग उतरला आणि डाग परत पांढरा. पुन्हा टॉर्च, पुन्हा पिवळा. जिप्सीवाले राग विसरून खाली वाकून बघायला लागले.

"जस्त हाय," मामा म्हणाले. "तापलं की पिवळं, गार झालं की पांढरं. भट्टीवर बघून बघून डोळं गेलं माझं. पाण्याचा पाइप घातलाय त्यानं."

म्हणजे जीआय पाइप. नळाच्या कामातून उरलेला दीड फूट वेल्डरनं कापला आणि बसवला. लोखंडावर जस्ताचा थर, त्यावर आमचं कोटिंग. जस्त 419 अंशांच्या पुढं वितळतं. आमच्या ओव्हनमध्ये 250, म्हणून तिथून पाइप नव्या नवरीसारखा बाहेर आला, मी फोटोसुद्धा काढला होता. चिखलात इंजिन तापलं तेव्हा खालचं जस्त पातळ झालं आणि वरचा थर उचलला गेला. जमीनच वितळली, तर घर काय करणार.

मामांनी आणखी एक विचारलं. "त्या वेल्डरला ताप आलता का रात्री?"

जिप्सीवाले चमकले. "दुसऱ्या दिवशी पोरगा कामालाच नाही आला. थंडी वाजते म्हणाला. आम्हाला वाटलं, पावसात भिजला."

पितळ ओतणाऱ्यांना हा ताप माहीत असतो, कारण पितळेतही जस्त असतंच. धूर छातीत गेला की काही तासांनी हुडहुडी भरते, तोंड गोडसर होतं, एक-दोन दिवसांत आपोआप उतरतं. मामा सांगत होते, सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी जास्त बाधायचं, रोज धुरात असलं की अंगाला सवय व्हायची. मालक दूध द्यायचा. छातीतल्या धुराला पोटातलं दूध काय करणार, मला नाही कळत, पण फुकटच्या दुधाला कुणी नको म्हटलं नसणार.

सगळं वेल्डरवर ढकलून मी मोकळा झालो असतो. जिप्सीवाल्यांचाही राग आता तिकडंच वळला होता. पण ब्लास्टिंगचा पोरगा दारात उभा राहून माझ्याकडं बघत होता, आणि तो का बघतोय ते मला माहीत होतं. नऊ-दहा दिवसांपूर्वी ब्लास्टिंग चालू असताना तो मला म्हणाला होता, "दादा, हा तुकडा जरा मऊ लागतोय. ग्रिट रुततंय." मी तेव्हा फोनवर होतो. हातानंच 'चालू दे' म्हटलं. ब्लास्टिंग झालं की जस्तही करडं दिसतं, लोखंडही करडं दिसतं. डोळ्याला फरक कळत नाही, हाताला कळतो. त्याच्या हाताला कळला होता.

ते मी जिप्सीवाल्यांसमोर सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "चहा येऊ दे."

त्या दिवशी दुसरं काम घेतलं नाही. तुकडा गॅसनं न कापता हॅकसॉनं कापला, जोडाच्या अलीकडून-पलीकडून अर्धा-अर्धा इंच जास्त घेऊन, कारण वेल्डिंगच्या कडेलाही जस्त पसरलेलं असतं. जस्त नसलेला काळा पाइप आणून तेवढाच बसवला. मग सगळं पहिल्यापासून: भाजणं, ब्लास्टिंग, ॲसिटोन, गन, ओव्हन. पोरगा ब्लास्टिंगला बसला तेव्हा मी शेजारी उभा होतो आणि फोन टेबलावर होता. ओव्हन निवून हेडर हातात यायला रात्रीचे साडेदहा झाले. पाइपाचे पैसे घेतले, कोटिंगचे घेतले नाहीत.

रविवारी त्यांची गाडी दुसऱ्याच ओढ्यात अडकली, मागचा ॲक्सल तुटला. हेडरला काही झालं नाही. तसा फोटो त्यांनी पाठवला, खाली एक शिवी होती, पण ती ॲक्सलला.

मामांनी नंतर आणखी एक युक्ती सांगितली. मोरचूद पाण्यात विरघळवून एक थेंब ब्लास्टिंग केलेल्या पाइपावर टाकायचा. लोखंड असेल तर तांब्याचा लालसर मुलामा बसतो. जस्त असेल तर काळी काजळी धरते, बोटानं पुसली की निघून जाते. दहा सेकंदांचं काम. दुसऱ्या दिवशी मी कृषी सेवा केंद्रात गेलो आणि पाव किलो मोरचूद मागितलं.

दुकानदार पुडी बांधता बांधता म्हणाला, "बोर्डोच्या फवारणीला का? पाव किलोत काय होतंय? बाग कुठं हाय?"

म्हटलं, "बाग नाही. सायलेन्सर आहे."

त्यानं पुडी अर्धवट बांधून माझ्या तोंडाकडं बघितलं.