तुम्ही विचारलंत म्हणून: लाइट कोणता लावता?

दोस्तांचे डीपीचे फोटो मीच काढतो, त्यामुळे गावात कोणाचा डीपी बदलला की दुसऱ्या दिवशी मला विचारणं सुरू होतं. कॅमेरा कोणता ते एकदा विचारतात, लाइट कोणता ते दहादा. रिंगलाइट घेतला का, हिंगणघाटला स्टुडिओत नेलं होतं का वगैरे. तर एकदाच सांगून टाकतो. मी लाइट लावत नाही, उलट असलेला बंद करतो, आणि खरं सांगू का, या सगळ्या कामात तेच सगळ्यात अवघड आहे.

कारण आपल्याकडे घरी कोणी आलं की पाण्याच्या गिलासाच्याही आधी बटन दाबलं जातं, भर दुपारी सुद्धा, पाहुण्याला अंधारात बसवलं असं कोणी म्हणू नये म्हणून. मी बंद करायला गेलो की दोस्ताची आई आतून ओरडते, "काहून बंद केला बाप्पा? लाइटबिल काही तुले नाही मागत!" आणि पुन्हा चालू. आता काकूंना कसं सांगायचं की दारातून येतो तो उजेड पांढरा, त्यात सावलीतला असला तर थोडा निळसरच, आणि तुमचा बल्ब पिवळा, दोन्ही एका तोंडावर पडले की एक गाल एका माणसाचा आणि दुसरा दुसऱ्याचा वाटतो. कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स, म्हणजे कोणत्या उजेडाला पांढरं धरायचं ते, एकालाच जुळवता येतो. पांढरा एलईडी लावला तरी सुटका नाही, आपली लाइन 50 हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातला बल्ब सेकंदाला 100 वेळा मिचमिचतो, आपल्याला कळत नाही पण शटर जरा फास्ट ठेवलं की फोटोवर आडवे पट्टे येतात.

आणि ही काही माझी अक्कल नाही. आमच्याच जिल्ह्यात सेवाग्रामला बापूंचे नातू लागणाऱ्या कनू गांधींनी बापूंचे फोटो काढले ना, त्यांना बापूंनी तीन अटी घातल्या होत्या. फ्लॅश मारायचा नाही, पोझ द्यायला सांगायचं नाही, आणि आश्रम याचे पैसे देणार नाही. (कॅमेऱ्यासाठी 100 रुपये उद्योगपती घनश्यामदास बिर्लांनी दिले होते.) पहिली मी पाळतो, दुसरी जमेल तेवढी, तिसरी माझे दोस्त न सांगताच पाळतात.

आता उजेड कुठून, तर दारातून. जुनी घरं कवेलूची (कौलारू), खिडक्या वीतभर, त्याही पोत्यांच्या थप्पीमागे गेलेल्या. दार मात्र मोठं, आणि समोर सपरी, म्हणजे पडवी. या सपरीचा मला फार उशिरा शोध लागला. आधी मी सगळ्यांना अंगणात उभं करायचो, वरून ऊन, मग डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे आणि कपाळ चमकतंय. सपरीचं छप्पर वरचं आभाळ कापून टाकतं, मग उजेड आडवा येतो, आणि सारवलेल्या अंगणावर पडलेलं ऊन खालून हनुवटीला थोडं हात लावून जातं. उंबरठ्यापासून हातभर आत पाटावर बसवायचं, खांदा दाराकडे, अंगावर थेट ऊन नको. मग मान हळूहळू दाराकडे वळवायला लावायची, पलीकडच्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक तिकोनी तुकडा येतो, तो आला की "थांब बे, हलू नको". सेकंडहँड कॅमेरा आणि 50 एमएमची लेन्स आहे माझ्याकडे, बहुतेक वेळा अपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं ते) 2.8 वर, शटर सेकंदाच्या 1/125 वर, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) 800च्या आसपास. मोबाइल असला तर चेहऱ्यावर बोट दाबून ठेवा, लॉक झालं की उजेड थोडा खाली ओढा, बस.

भिंतीचं मात्र पाहावं लागतं. एका दोस्ताच्या घरी पोपटी ऑइलपेंट आहे, त्याच्या बाजूला बसवलं तर पोराला कावीळ झाली असं वाटलं, शेवटी युरियाच्या पोत्याची उलटी पांढरी बाजू भिंतीला टेकवली तेव्हा कुठे तो माणसात आला.

पण तुम्ही ज्या फोटोबद्दल सगळ्यात जास्त विचारलं तो डिसेंबरमधला, एका दोस्ताचा. भाव चढेल म्हणून त्याच्या घरच्यांनी कापूस विकला नव्हता, समोरची अख्खी खोली छातीएवढी भरलेली, माणसाला बसायला दारापाशी जेमतेम जागा. हा पठ्ठ्या आधी नवीन शर्ट, गॉगल घालून गाडीजवळ उभा, "इथंच काढ, गाडी आली पाह्यजे." ते काढले पंधरा-वीस, त्याचं समाधान केलं, मग पाणी प्यायला आत आलो तर तो कापसाला टेकून बसला, गॉगल काढून खाजवत, कारण घरात कापूस भरला की अंगाला खाज सुटतेच. डावीकडून दार आणि उजवीकडून तो पांढरा ढीग, दाराचा उजेड परत त्याच्या गालावर फेकत होता. बाजारात रिफ्लेक्टर मिळतात, पण इतका मोठा आणि इतका मऊ कुठे मिळणार! सावलीतली बाजू काळी पडलीच नाही. चार फोटो काढले, तिसऱ्यात तो आईला काहीतरी सांगत वळला होता. मोठा करून पाहा, दोन्ही डोळ्यांत दाराची चौकट दिसते, चौकटीत वाकलेला मी, आणि माझ्या मागे त्यांची बकरी.

त्याला स्वतःला गाडीवालाच आवडला, तो त्याने स्टेटसला ठेवला. दारातला त्याच्या बहिणीने परस्पर त्याचा डीपी केला.

जानेवारीत कापूस गेला. नंतर त्याच जागी दुसऱ्या एकाला बसवून पाहिलं, अर्धं तोंड अंधारात गेलं, तेही वाईट नाही पण ते नाही. आता तर मे आहे, दुपारी बाहेर 45 डिग्री, दारं लावलेली, आणि जी काय खिडकी होती तिच्यात कूलर बसवलाय. त्यामुळे ज्यांना डीपी पाहिजे त्यांनी सकाळी सातच्या आत बोलवा, आणि घरी काकूंना आधीच सांगून ठेवा बटनाचं.