समुद्री गरुडासाठी लेन्स कुठली घेऊ?

‘दादा, फोटो झकास आलाय, लेन्स कुठली?’ दिवाळी उलटली, कुरव (सीगल) किनाऱ्यावर उतरले की हा प्रश्न यायला लागतो. विचारणारे पुण्या-मुंबईचे असतात, चिपळूण-खेडचेही असतात. हल्ली प्रश्नाला शेपूटही असतं: ‘गरुड फारच लांब बसतो हो, ६०० पुरेल का ८०० घेऊ?’ प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यांनी सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. तुम्ही विचारलंत म्हणून.

उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका. तुमच्या कॅमेऱ्याला बसणारी, ६०० एमएमपर्यंत जाणारी झूम लेन्स घ्या आणि तिथे थांबा (हा आकडा जितका मोठा, तितका लांबचा पक्षी मोठा दिसतो). सिग्मा किंवा टॅमरॉनची १५०-६००, सोनीची २००-६००, निकॉनची १८०-६००. कॅनॉनवाल्यांना १००-५०० आहे, २००-८०० आहे. यातली भारी कुठली यावर रात्र रात्र वाद घालणारी मंडळी आहेत, मला त्यात फारसा रस नाही. दापोली-गुहागरच्या किनाऱ्यावर दोघांच्या फोटोंत जो फरक पडतो, तो लेन्सपेक्षा कोण किती वाजता कुठे उभा होता याने पडतो.

लांब म्हणजे किती लांब, ते एकदा आकड्यांत मांडून बघा. ८००चा मोह बराचसा तिथेच उतरतो. समुद्री गरुड चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण ७० सेंटिमीटर. समजा, तो २०० मीटरवरच्या सुरूच्या शेंड्यावर बसलाय. ६०० एमएमची लेन्स कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या भागावर, त्याचं चित्र पाडते ते २ मिलिमीटरच्या जरा वर. फुल फ्रेम सेन्सरची उंची २४ मिलिमीटर, म्हणजे फोटोत एकावर एक अकरा गरुड मावतील एवढी रिकामी जागा. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा असेल तर गरुडाच्या वाट्याला साडेतीनशे पिक्सेल येतात. मोबाइलवर बघायला ठीक, भिंतीवर लावायला नाही. ८०० घेतलीत तर हेच साडेचारशेच्या थोडे पुढे जातात. ६००च ठेवून अंतर १०० मीटरवर आणलंत तर सातशे. दोनशे एमएम वाढवायला काही लोक कर्ज काढतात, म्हणून हा हिशेब सांगितला.

क्रॉप, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर ६००ची ९०० होते, असं दुकानदार सांगतात. होत काही नाही. लेन्स तीच, सेन्सरवर गरुडही तेवढाच, फक्त त्याच २४ मेगापिक्सेलची दाटी लहान जागेत असल्याने गरुडाच्या वाट्याला पाचशेच्या वर पिक्सेल येतात. लांबच्या पक्ष्यासाठी हा फायदा खरा आहे, आणि तुमच्याकडे साधी क्रॉप बॉडी असेल तर ती बदलायची घाई करू नका. उजेड कमी झाला की मात्र तिच्या फोटोत दाणे लवकर दिसायला लागतात.

मग ‘३००० एमएम’वाला निकॉनचा पी१०००? तो २०१८ साली आला तेव्हापासून प्रश्नांच्या यादीत कायमचा ठाण मांडून बसलाय. त्याच्या लेन्सची खरी लांबी आहे ५३९ एमएम. ३००० हा आकडा फुल फ्रेमच्या हिशेबाने सांगतात, कारण आतला सेन्सर जेमतेम ६ मिलिमीटर रुंद आहे. दूरचा बारकावा टिपायला महत्त्वाचं असतं ते उजेड आत घेणारं तोंड. पी१००० पूर्ण झूमवर एफ ८ला असतो, म्हणजे लांबी भागिले आठ, तोंड ६७ मिलिमीटरचं. ६०० एमएम एफ ६.३चं ९५ मिलिमीटरचं. तरी मी त्याला नावं ठेवणार नाही. खडकावरचा पक्षी कुठला ते ओळखायला, नोंद ठेवायला तो उत्तम आहे, आणि वजन दीड किलोच्या आत. उडत्या पक्ष्यामागे धावायला लागलात की मात्र तो रडवतो.

दहा लाखांच्या पुढची ६०० एमएम एफ ४ विचारणारेही भेटतात. पैसे असतील तर जरूर घ्या, उजेड अडीच पट येतो. तीन किलोचं ते धूड घेऊन वाळूतून चालायची तयारी मात्र ठेवा.

आता कोकणातली खरी अडचण, ती म्हणजे हवा. जानेवारीतसुद्धा साडेनऊ-दहा वाजले की ओली वाळू तापायला लागते आणि तिच्यावरची हवा तरळते. व्ह्यूफाइंडरमधून बघा: कुरवाची चोच वितळल्यासारखी हलते, पायांचे दोनाचे तीन होतात, डोळा कधी दिसतो कधी पुसला जातो. चुलीच्या धगेपलीकडचं माणूस दिसावं तसं. यावर कुठल्याच लेन्सचा इलाज नाही. उलट लेन्स जितकी लांब तितकं हे तरळणं मोठं होऊन दिसतं. फोकस चुकला म्हणून लोक कॅमेरा सर्व्हिसला पाठवतात, तो बिचारा ठणठणीत असतो. वाळूवर पोटावर झोपून फोटो काढलात तर पार्श्वभूमी सुरेख येते खरी, पण तापलेल्या हवेचा सगळ्यात वाईट थर तिथेच, जमिनीलगत असतो. झोपायचं ते उजाडता उजाडता. नंतर कातळावरून किंवा धक्क्यावरून, जरा उंचावरून काढलेलं बरं.

याहून मोठी गोष्ट म्हणजे आपला समुद्र पश्चिमेला आहे. हे सगळ्यांना माहीत असतं, पण कॅमेरा हातात आला की विसरायला होतं. संध्याकाळी सूर्यास्ताला म्हणून लोक लांब लेन्सा घेऊन येतात, पक्षी सूर्याकडच्या बाजूला, सगळे काळे ठिपके. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी असतो आणि पाण्याच्या कडेला बसलेल्या प्रत्येक पक्ष्यावर समोरून उजेड पडतो. त्यात शाळेत भूगोलाला होते ते मतलई वारे. हिवाळ्यात पहाटेपासून वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. पक्षी वाऱ्याला तोंड देऊन बसतो आणि वाऱ्याला तोंड देऊनच उडतो. म्हणजे सकाळी सातला कुरवांचा थवा तुमच्याकडे बघत असतो आणि उठला तर तुमच्या दिशेने उठतो. दुपारी खारे वारे सुरू झाले की तोच थवा समुद्राकडे तोंड करून बसतो. मग काढा पाठीचे फोटो, लेन्स कितीचीही असो.

आणि भरती. लेन्सची दुकानं पालथी घालण्याआधी घरातलं कॅलेंडर बघा. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते, हा आपल्याकडचा जुना हिशेब. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. मुंबईपेक्षा दक्षिणेकडे भरती थोडी आधी लागते, तेव्हा अर्धा तास हाताशी ठेवा. पौर्णिमेला उधाण असतं म्हणून लोक मुद्दाम तेव्हा येतात, पण उधाणाच्या दिवसांत सकाळी सहा-सातला पाणी पार ओसरलेलं असतं आणि पक्षी दूरवर, ओहोटीच्या टोकाला चरत असतात. मला विचाराल तर फोटोला दशमी-एकादशी बरी. पाणी भांगाचं, म्हणजे फार चढत नाही, पण चढतं ते नेमकं चांगल्या उजेडाच्या वेळी.

भरतीच्या आधी दीड-दोन तास एखाद्या कातळी किनाऱ्यावर जाऊन बसा आणि मग हलू नका. पाणी दूर असताना कालवफोडे खालच्या खडकांवर चरत असतात: काळे-पांढरे, लांब नारिंगी चोचीचे, एवढ्या लांबून चोच तेवढी ओळखू येते. लाट आली की पुढचा पक्षी एक पाय उचलतो, पाणी परतलं की टेकवतो. पुढची लाट जरा वर येते, मग तो दोन उड्या मारून मागच्या खडकावर. तिथे आधीच एक बसलेला असतो, त्यांची थोडी कुरबुर होते, मग दोघं शेजारी शेजारी. असं करत करत तासाभरात सगळे सगळ्यात उंच, कोरड्या राहणाऱ्या खडकावर गोळा होतात. तो खडक कुठला ते तुम्ही आदल्या दिवशी हेरून ठेवलं असेल आणि त्याच्यापासून बेताच्या अंतरावर बसला असाल, तर दोनशे मीटरवरचा पक्षी साठ मीटरवर आपण होऊन येतो. ही जागा त्यांची विश्रांतीची असते, तेव्हा त्यांना उठवू नका. भरतीत त्यांना जायला दुसरी जागा फारशी नसते.

गरुडाचं असं नसतं, तो येत नाही. त्याच्या घरट्याखाली जाऊन उभं राहणाऱ्यांशी मला बोलायचंच नाही. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातला पक्षी आहे तो, आणि तो घरटं सोडून उडाला की कावळे टपलेलेच असतात. त्यापेक्षा मासे उतरतात तिथे जा. हर्णैला बोटी लागतात तेव्हा वर कुरव आणि ब्राह्मणी घारींची झुंबड असते, आणि नशीब असेल तर गरुडही एखादी चक्कर मारून जातो. अशा वेळी झूम हवी, कारण तो एकदम डोक्यावर येतो आणि ६००ची फिक्स लेन्स असलेला माणूस नुसता बघत राहतो.

डॉल्फिनसाठी विचारत असाल तर वरचं सगळं विसरा. तारकर्ली-मालवणला किंवा दाभोळला होडीतून ६०० म्हणजे हातात जड वस्तू. होडी हलते, पाणी हलतं, डॉल्फिनची पाठ सेकंदभर वर येते, ती कुठे येणार ते कोणालाच माहीत नसतं. १००-४०० घ्या, शटरचा वेग सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाच्या खाली आणू नका, ट्रायपॉड किनाऱ्यावर सोडा. आणि तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, इंजिन बंद करून थांबायला सांगा, पाठलाग करायला नको.

टेलिकन्व्हर्टर, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसवून लेन्सची लांबी वाढवणारा जोड? एफ ६.३च्या लेन्सला १.४चा लावला की एफ ९ होतो, जुन्या डीएसएलआरचा ऑटोफोकस तिथे चाचपडतो, आणि हवा तरळतेच आहे. माझा सल्ला नको असा. वेळासला कासवांची पिल्लं बघायला जाताय त्यांना तर लेन्सच नको. दोरीच्या अलीकडून मोबाइल पुरतो, फ्लॅश तेवढा बंद ठेवा.

विकत घेण्याआधी पुण्या-मुंबईत भाड्याने मिळते ती दोन दिवस घेऊन या. दोन किलो वजन हातात धरून गरुडाची वाट बघणं आपल्याला झेपतं का, हे दुकानात कळत नाही.

राहता राहिला पावसाळा. लेन्स कुठली घेऊ म्हणून महिनाभर विचार करणारे ती ठेवणार कुठे, याचा विचार करत नाहीत. कोकणात बॅगेत बंद ठेवलेल्या लेन्सला जून ते सप्टेंबर या काळात बुरशी धरते आणि काचेवर जाळं पसरलं की ते पुसून जात नाही. ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट, परवडत असेल तर लेन्सबरोबरच घ्या. नाहीतर घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर. काटा चाळीस ते पन्नासमध्ये असू द्या. तांदूळ घालू नका, त्याचा फक्त भुसा होतो. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये किंवा मंद आचेवर कोरडं करून पुन्हा वापरता येतं. समुद्रावरून आलात की लेन्सची नळी ओलसर फडक्याने पुसा, मगच कोरड्याने, नाहीतर मिठाचे कण घासले जातात. ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुवा. आणि पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा उघडीप बघून लेन्स बाहेर काढा, झूम मागेपुढे फिरवा. किनाऱ्यावर तेव्हा काही नसलं तरी अंगणात दयाळ असतोच. तो दहा मीटरवर बसतो, त्याला ६०० भरपूर झाली.