काकांशिवाय सोडलेला रुमाल

सकाळी काकांना पोचवून वैकुंठ स्मशानातून येऊन आंघोळ केली, पण घरात पाय ठरेना. दुपारी पेशवे दफ्तरात गेलो आणि परवा अर्धवट राहिलेला रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला जुन्या कागदांचा गठ्ठा, सोडला. तिसऱ्याच कागदावर अडलो. 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे जुन्या मराठी कागदांतला शुहूर सन, ११६१. इसवी सन काढायला पुढे ५९९ मिळवायचे की ६००? सवयीने डावीकडे वळलो, 'काका, जरा बघता का?'

पंधरा वर्षं हेच चाललं होतं. शुहूर सन मृग नक्षत्राला बदलतो, इसवी जानेवारीत, आधी महिना बघ, मग बेरीज कर, हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल! एकदाही चिडले नाहीत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही, शब्द तोडलेले नाहीत, वर वाळवीची भोकं. तरी काका भिंग सरकवत, ओठांत पुटपुटत ओळ लावायचे. नाहीच लागली तर सरळ फुल्या मारायचे. अंदाजाने अक्षर भरलेलं त्यांना खपायचं नाही. एवढा प्रामाणिक वाचक आमच्यात दुसरा नव्हता.

हिजरी महिना जमादिलाखर निघाला. म्हणजे इसवी सन बदलल्यानंतरचा, ६००. जानेवारी १७६१, पानिपत झालं तो महिना.

बेरीज बरोबर आली, काका. शेवटच्या ओळीतला एक शब्द मात्र लागत नाहीये. तिथे फुल्या मारून ठेवल्यात.