चामोर्शी ते हॅवलॉक: डायव्हिंग आधी, सेल्युलर जेल शेवटी

धान मळून विकला गेला की जानेवारीत आमच्याकडे हात जरा मोकळे होतात, आणि अंदमानला जायचे दिवसही नेमके तेच. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास तिथे मान्सून धडकतो; मग समुद्र खवळतो आणि बोटी रद्द व्हायला लागतात. उन्हाळी सुट्टीत जायचे असेल तर एप्रिलमध्येच उरका.

आमच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीहून एसटीने मूल, चंद्रपूर करत बल्लारशा, तिथून तमिळनाडू एक्स्प्रेसने चेन्नई आणि पुढे दोन-सव्वादोन तासांचे विमान. उतरायचे श्रीविजयपुरमला, म्हणजे २०२४ पर्यंतच्या पोर्ट ब्लेअरला. गाडी चेन्नईला पोहोचते त्याच दिवसाचे विमान मात्र काढू नका. आपल्याकडच्या गाड्यांचा भरवसा तुम्हाला ठाऊक आहेच.

टूरवाले बहुधा पहिल्या दिवशी श्रीविजयपुरममधले सेल्युलर जेल दाखवतात आणि डायव्हिंग, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली जाणे, शेवटाकडे ढकलतात. आम्ही उलटे केले, तुम्हीही तसेच करा. पाण्याखाली दाबाची हवा घेताना रक्तात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो. तो हळूहळू बाहेर पडतो. त्याआधी विमानात बसलात, तर तिथल्या कमी दाबामुळे त्याचे बुडबुडे होऊन जिवावर बेतू शकते. म्हणून शेवटच्या डुबकीनंतर १८ तास तरी विमान नको. आधी डायव्हिंगसाठी हॅवलॉक बेट आणि शेवटी जेल ठेवले, की हे अंतर आपोआप पडते. शिवाय हवामानामुळे परतीची बोट चुकली तरी विमान हातचे जात नाही.

हॅवलॉकची खासगी बोट साधारण दीड-दोन तास घेते. सरकारी बोट स्वस्त, पण वेळ जास्त आणि तिकीट मिळणे कठीण. बेटाचे नाव २०१८ मध्ये स्वराज द्वीप झाले आहे; बुकिंग करताना गोंधळू नका.

आता डायव्हिंग. निघायच्या आधी शेजारच्या काकू म्हणाल्या, “पोहता येत नाही तं पाण्याखाली काहून जाता जी?” पहिल्यांदा करणाऱ्याला पोहता येण्याची अट नसते. प्रशिक्षक पाठीमागून टाकी धरून सोबत असतो आणि दहा-बारा मीटरच्या खाली नेत नाही. वय मात्र किमान दहा वर्षे हवे. दमा, हृदयविकार, फिट्स किंवा नुकतेच ऑपरेशन झाले असेल तर फॉर्मवर लपवू नका. घरूनच डॉक्टरांचे पत्र न्या. सर्दी असेल त्या दिवशी उतरू नका, कारण खरी परीक्षा कानांची असते. दोन-तीन मीटरवरच कान दुखायला लागतात. नाक चिमटीत धरून हलकेच हवा फुंकायची, दुखायच्या आधीच, आणि प्रत्येक मीटरला. दुसरा नियम म्हणजे श्वास कधीच रोखायचा नाही.

खुणाही पाठ करून ठेवा. रंगीत मासे पाहून खुश झालेल्या आमच्या सौभाग्यवतींनी अंगठा वर केला, आणि प्रशिक्षक त्यांना सरळ वर घेऊन निघाला! पाण्याखाली अंगठा म्हणजे ‘वर चला’. सगळे ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचा गोल करायचा.

किनाऱ्यावरून उतरणे स्वस्त, बोटीने जाणे महाग, पण पाणी बहुधा अधिक नितळ. पैसे भरण्याआधी एका प्रशिक्षकामागे किती माणसे, हे विचारा. पहिल्या डुबकीला उत्तर ‘एक’ नसेल तर दुसरे दुकान पाहा.

हॅवलॉकच्या बाजारात आम्हाला परके वाटलेच नाही. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांनी हे बेट वसवले, आणि आमच्या चामोर्शी-मुलचेऱ्याकडची बंगाली गावेही तशीच वसलेली. तोच भात, तीच मासळी, तोच गोड बोलण्याचा सूर. हिंदी सगळीकडे चालते. शाकाहारी जेवणही मिळते, पण आपल्या जिभेला सपक लागते. जवसाची चटणी सोबत असू द्या.

एलिफंट बीचला बोटीऐवजी जंगलातून चालत जा, वाट सोपी आहे. सूर्य तिथे लवकर बुडतो, जानेवारीत साडेपाचच्या आधीच, त्यामुळे राधानगर बीचला चारला पोहोचा. मगरीची पाटी असेल तिथे पाय ओले करण्याचीही हौस नको. आणि पोरांच्या खिशातले शिंपले-प्रवाळ निघताना किनाऱ्यावरच काढून ठेवा. ते नेणे गुन्हा आहे, विमानतळावर बॅग उघडायला लावतात.